दुपार आधी लिहा, राइड नंतर

ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला निघालेली कुणी मैत्रीण फोन करते तेव्हा तिला राइडची यादी हवी असते. मी आधी विचारते, दुपारी साडेबारा ते चार तुम्ही कुठे असणार आहात? बहुतेकींनी त्याचा विचारच केलेला नसतो, आणि माझ्या मते सहल चांगली होणार की नाही हे तिथेच ठरतं. माझ्या वहीत प्रत्येक दिवसाच्या पानावर सगळ्यात आधी दुपारचा चौकोन आखला जातो. त्यात लिहिलेलं असतं 'खोली', किंवा 'सावली', किंवा एखाद्या थंडगार उपाहारगृहाचं नाव. उरलेल्या सकाळ-संध्याकाळी ज्या राइड बसतील त्या बसवायच्या. बसणार नाहीत त्या सोडायच्या.

ही सवय मला नोकरीतून लागली. मी अटलांटात एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक लावते. नवख्या माणसाला वाटतं की थिएटर सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत मिनिटामिनिटाला भरलेलं असलं म्हणजे काम चोख. पण पहिली शस्त्रक्रिया वीस मिनिटं लांबली की दुसरी लांबते, तिच्यामुळे तिसरी, आणि शेवटचा पेशंट उपाशीपोटी रात्रीपर्यंत ताटकळतो. थिएटर ऐंशी-पंच्याऐंशी टक्के भरलेलं असलं तर दिवस निभावतो. त्याच्या वर गेलं की उशीर थोडाथोडा वाढत नाही, एकदम हाताबाहेर जातो. थीम पार्कातली सहल हुबेहूब अशीच चालते. फरक इतकाच की इथे ताटकळणारा आपलाच पाच वर्षांचा मुलगा असतो, नाहीतर गुडघे धरून बसलेली आई.

या वेळी आई-बाबा कराडहून आलेले होते, म्हणून आम्ही सहा जण. आई-बाबा, नवरा, मी, अकरा वर्षांची लेक आणि धाकटा. शाळेच्या शरदातल्या सुट्टीला लागून दसरा आला. सकाळी शस्त्रपूजेच्या जागी गाडीची आणि लॅपटॉपची पूजा झाली, बाबांनी आपट्याऐवजी अंगणातल्या झाडाची पानं वाटली, आणि आम्ही निघालो. अटलांटाहून ऑरलँडो सुमारे साडेचारशे मैल. व्हॅल्डोस्टा मागे पडलं आणि फ्लोरिडाची पाटी आली तेव्हा बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "झालं बघ सीमोल्लंघन." त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून मला उगाच भरून आलं.

जागेचा अंदाज नसला की योजना चुकते, म्हणून थोडं त्याबद्दल. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, आणि त्याचा पसारा सुमारे ४० चौरस मैलांचा आहे. सॅन फ्रान्सिस्को शहर साधारण तेवढंच. त्यात चार मोठी पार्क आहेत : मॅजिक किंगडम, १९८२ चं एपकॉट, १९८९ चं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चं अॅनिमल किंगडम. एका पार्कातून दुसऱ्यात चालत जाता येईल असा विचार बऱ्याच ठिकाणी करताच येत नाही. त्यामुळे हॉटेल कुठलं घ्यायचं हा खरं तर विश्रांतीचा प्रश्न असतो. दुपारी खोलीवर जाऊन यायला दोन तास लागणार असतील तर कुणीच परत जात नाही. सगळे पार्कातच तापत राहतात.

आम्ही डिस्नेच्याच आर्ट ऑफ अॅनिमेशन हॉटेलमध्ये सहा जणांची खोली घेतली. तिला दोन बाथरूम आहेत. सकाळी सहा माणसं एकदम तयार व्हायची असतील तर दुसऱ्या बाथरूमचं मोल रांग टाळायच्या कुठल्याही पासापेक्षा जास्त. छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्हही आहे. शिवाय तिथून स्कायलायनर निघतो. २०१९ पासून सुरू असलेले हे हवेतले पाळणे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला नेतात, त्याचं वेगळं तिकीट नाही, आणि धाकट्याच्या मते ती त्या सहलीतली सगळ्यात चांगली राइड होती. त्याच हॉटेलच्या मोठ्या तरणतलावात पाण्याखाली गाणी ऐकू येतात. डोकं बुडवलं की संगीत, वर काढलं की बंद. मुलं त्यात दुपारभर रमतात, आणि काठावर बसलेल्या मोठ्यांनाही पाय पसरायला मिळतात.

आता, आखायचं ते नीट आखावंच लागतं. "जाऊ, बघू, जमेल तसं करू" या वृत्तीवर माझा अजिबात विश्वास नाही. तिथे सुखाने बसायचं असेल तर आधी घरी बसून काम करावं लागतं. आमच्यासारखे डिस्नेच्याच हॉटेलात राहणारे लोक राहायला येण्याच्या सात दिवस आधी, सकाळी सात वाजता, लाइटनिंग लेनच्या, म्हणजे राइडच्या झटपट रांगेच्या, वेळा नोंदवू शकतात, तेही अख्ख्या मुक्कामाच्या. बाहेर राहणाऱ्यांना हे तीन दिवस आधी करता येतं. हा पास विकतचा असतो आणि त्याचा दर दिवसागणिक, पार्कागणिक बदलतो. एका दिवसासाठी आधी तीन राइड धरता येतात. पहिली झाली की त्याच दिवसाची पुढची धरता येते. ट्रॉनसारख्या एखाद्या राइडसाठी वेगळा पास लागतो. टेबलावर बसून जेवायचं असेल तर नोंदणी ६० दिवस आधी उघडते. हे सगळं मी घरी, चहा घेत, निघायच्या आधीच उरकते. तीनही वेळा सकाळी साडेअकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच्या धरते. दुपारची वेळ डिस्नेच्या अॅपने कितीही पुढे केली तरी घेत नाही.

सकाळचं महत्त्व वेगळं सांगायला नको, पण कारण समजून घेतलं तर यादी लहान होते. रांग किती लांबणार हे राइड किती प्रसिद्ध आहे यापेक्षा ती तासाला किती माणसं पोटात घेते यावर जास्त ठरतं. हाँटेड मॅन्शनच्या गाड्या एका न थांबणाऱ्या साखळीत फिरत असतात. माणसं सरकत्या पट्ट्यावरून चढत-उतरत राहतात, त्यामुळे तिथली रांग पुढे सरकते. पायरेट्सच्या होड्यांत एका वेळी बरेच जण बसतात. उलट पीटर पॅनची लहानशी जहाजं मोजकीच माणसं नेतात, म्हणून दिसायला साधी असलेली ती राइड दिवसभर तुंबलेली. तेव्हा ज्या राइड तासाला भरपूर माणसं नेतात त्यांची नोंदणी करण्यात जीव पाखडायचा नाही. त्या वाटेत आल्या आणि पाय तयार असले तर करायच्या. आमच्या वहीतली अर्धी पानं या एका विचाराने कोरी राहिली.

घरातल्या प्रत्येकाने एकच गोष्ट मागायची, हा आमचा दुसरा नियम. ती काहीही झालं तरी होणार. बाकीचं मिळालं तर मिळालं. लेकीने ट्रॉन मागितली. तिला ४८ इंच उंची लागते, आणि आपण त्याच्या वर गेल्याचा लेकीला मोठा अभिमान होता. धाकट्याला सात बुटक्यांची खाणीतली गाडी हवी होती. तिला ३८ इंच लागतात, तो बसला. नवऱ्याने अॅनिमल किंगडममधली फ्लाइट ऑफ पॅसेज सांगितली. बाबा निवृत्त शेतकी शिक्षक. त्यांनी एपकॉटमधली शेती बघायची म्हटलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला नुसतं सावलीत बसून माणसं बघायचीत गं. एवढ्या लांब आलेय तर बघू दे की."

मुलं हसली. मला मात्र ती मागणी इतर पाचांइतकीच गंभीर वाटली, आणि तिच्यासाठी मी तितकाच अभ्यास केला. कुठल्या पार्कात सावली कुठे आहे, पंखा कुठे आहे, पाठ टेकायला काय आहे, स्वच्छतागृह किती पावलांवर आहे. मॅजिक किंगडममध्ये १९७३ पासून नदीच्या मधोमध टॉम सॉयरचं बेट होतं, झाडीचं, निवांत. जुलै २०२५ मध्ये ते, ती नदी आणि नदीतली मोठी बोट, सगळं नव्या बांधकामासाठी बंद झालं. मला त्याची फार हळहळ वाटते. नवी राइड येईल, तिला मोठ्या रांगा लागतील, पण दमलेल्या आजीला टेकायची एक जागा गेली ती गेली.

दसऱ्यानंतरचा दिवस एकादशीचा. तो आम्ही मुद्दाम एपकॉटला ठेवला. पार्कात घरचं खाणं नेता येतं; काचेची भांडी आणि दारू मात्र नको. आईच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि केळी होती. पाणी विकत घ्यावं लागत नाही, झटपट खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर मागितलं की बर्फ घातलेलं फुकट मिळतं. सकाळी पहिल्यांदा बाबांची शेती. 'लिव्हिंग विथ द लँड' म्हणजे चौदा-एक मिनिटांची होडीतली फेरी. होडी चालते ती खऱ्या काचघरांतून. मातीशिवाय वाढणारी भाजी, हवेत लोंबणारी मुळं, टांगलेल्या रोपांची फिरती रांग. शेजारच्या 'सोअरिन' या राइडसाठी सकाळी झुंबड असते आणि या होडीला जवळजवळ कुणी नसतं. बाबा होडीच्या कडेला हात ठेवून पुढे झुकून बसले होते. वांगं दिसलं तेव्हा त्यांनी आईला कोपराने ढोसलं. इथेच एका टोमॅटोच्या झाडाने वर्षभरात ३२,००० हून जास्त टोमॅटो दिल्याचा विक्रम आहे, हे मी सांगितलं, तर म्हणाले, "खरं का? मग परत एकदा जाऊ." आणि आम्ही परत गेलो. वेळापत्रकात त्या तासापुढे मी काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून जाता आलं. त्यांच्या हौसेला घड्याळ दाखवावं लागलं नाही याचं मला आजही समाधान आहे.

अकराला देशांची मांडणी उघडली. तलावाभोवती अकरा देशांची दालनं आहेत, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत. भारत नाही, बाबांनी दोनदा मोजून खात्री करून घेतली. अकराही देश बघायचा प्रयत्नच केला नाही. थेट जपानच्या बागेत गेलो. तिथे पाणी आहे, रंगीत मासे आहेत, आणि आईला हवी तशी सावली. तिने लाडू काढला, आणि पुढचा पाऊण तास ती आल्यागेल्यांकडे बघत बसली. कुणाची साडीसारखी चापूनचोपून नेसलेली ओढणी, कुणाच्या कडेवर झोपलेलं बाळ, कानांची टोपी घातलेले ऐंशीच्या घरातले आजी-आजोबा हातात हात घालून चाललेले. त्यांना बघून तिने बाबांकडे पाहिलं, आणि बाबा एकदम मासे बघायला लागले. साडेबाराला आम्ही मोरोक्को आणि फ्रान्सवरून मागच्या दाराने बाहेर पडलो, स्कायलायनर धरला आणि खोलीवर येऊन पडद्यांमागे गाढ झोपलो. तीन वाजता वीज कडाडली, पाऊस कोसळला. फ्लोरिडात उन्हाळाभर आणि पुढेही काही दिवस दुपारी असं होतं. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. आम्ही चहा प्यायलो.

मॅजिक किंगडमला सगळे एकदम गेलो नाही. तसं जायलाच हवं असं कुणी ठरवलंय? नवरा आणि लेक डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मिळणाऱ्या अर्ध्या तासाच्या आगाऊ प्रवेशासाठी पहाटेच्या बसने गेले. मी, धाकटा आणि आई-बाबा नाश्ता करून दहाच्या सुमाराला पोचलो. आईसाठी दारातच व्हीलचेअर घेतली; ती "मला काय झालंय" म्हणत होती, पण दिवसाला आठ-दहा मैल सहज चालणं होतं, आणि तिने संध्याकाळी ताजं असावं असं मला वाटत होतं. 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस'मध्ये आम्ही वीस मिनिटं थंड हवेत बसलो. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी हे बनलं, मग कॅलिफोर्नियाला गेलं आणि १९७५ मध्ये इथे आलं. रंगमंच जागेवर राहतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्याच त्याच्याभोवती फिरतात. एका कुटुंबाच्या घरात वीज येते, मग यंत्रं येतात, अशी गोष्ट. आई बाहेर येऊन पाटण तालुक्यातल्या तिच्या माहेरी पहिला दिवा लागला त्या संध्याकाळबद्दल बोलायला लागली. ती गोष्ट मी आधी कधी ऐकलेली नव्हती. लेकीने तर तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. रांगेत, फोनवर वेळ तपासत असताना अशी गोष्ट कुणी सांगत नाही आणि कुणी ऐकत नाही.

त्या दिवसाची निवडही विचार करून केली होती. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बऱ्याच रात्री तिथे वेगळ्या तिकिटाची हॅलोवीन पार्टी असते, आणि साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. त्यामुळे लोक असे दिवस टाळतात आणि दिवसा गर्दी कमी राहते. रात्रीची आतषबाजी मात्र मिळत नाही. लहान मूल आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर मला हा सौदा पसंत आहे.

फोनचा नियम सांगायचा राहिला. अॅप लागतंच : रांगेच्या वेळा, जेवणाची ऑर्डर, पास, सगळं त्यात. म्हणून एका वेळी फक्त एकाच्या हातात फोन. सकाळी माझ्या, संध्याकाळी नवऱ्याच्या, दुपारी कुणाच्याच नाही. बाकीचे मोकळे. ज्याच्या हातात फोन नाही त्याने "आता कुठे?" विचारायचं नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याने पर्याय वाचून दाखवायचे नाहीत. सहा जणांची सभा भररस्त्यात भरली की पंधरा मिनिटं जातात आणि कुणीतरी रुसतं.

कोजागरी आली ती अॅनिमल किंगडमच्या दिवशी. हे पार्क सकाळी लवकर उघडतं आणि संध्याकाळी इतरांच्या आधी बंद होतं. प्राणीही सकाळीच हिंडताना दिसतात, म्हणून सफारी पहिल्या तासात. दुपारी जवळच्या अॅनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना'मध्ये जेवलो. त्याची नोंदणी ६० दिवस आधी केलेली होती. तिथे नान, कुलचा, पराठा असे पाच प्रकार आणि नऊ चटण्या-लोणची एका ताटात येतात, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. बाबांनी लसणाच्या लोणच्याला मान डोलावली. आईने पराठ्याबद्दल मत राखून ठेवलं. दोन तास कुणी उठायचं नाव घेतलं नाही.

रात्री मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवलं. आईने घरून बदाम-पिस्ते, केशर, वेलची आणली होती. हॉटेलच्या मागे तळं आहे, त्यावर पूल, आणि पुलाच्या वरच्या अंगाला स्कायलायनरचे पाळणे. कागदी पेल्यांत दूध घेऊन आम्ही तिथे बसलो. चंद्र उगवून बराच वर आलेला. शेजारच्या बाकावर ओहायोचं एक कुटुंब होतं, त्यांनाही दिलं. त्यांच्या आजीने वेलचीबद्दल विचारलं, आईने तिला हाताने खुणा करून कृती सांगितली आणि ती तिला कळलीही.

शेवटचा दिवस वहीत पूर्ण कोरा होता. तारखेच्या साध्या तिकिटाला जानेवारी २०२४ पासून पार्क आधी ठरवून ठेवावं लागत नाही, त्यामुळे कुठे जायचं ते त्या सकाळी ठरवता येतं. पैसे भरून दिवस कोरा ठेवायला अनेकांचा जीव होत नाही, हे मला समजतं. तिकीट स्वस्त नाही. पण अख्ख्या मुक्कामात एक तरी दिवस असा असू द्या, कारण माणसाला खरं काय आवडलं ते तीन-चार दिवसांनंतरच कळतं, साठ दिवस आधी नाही. मुलांना गाणाऱ्या तलावात परत डुंबायचं होतं, नवरा त्यांच्यासोबत थांबला. बाबा कपडे करून दाराशी उभे होते.

"ती काचघरं चालत बघता येत नाहीत का गं?"

येतात. 'बिहाइंड द सीड्स' नावाचा तासाभराचा वेगळा दौरा असतो, वाटाड्या सोबत असतो. त्या दिवशीच्या जागा शिल्लक होत्या. आई, बाबा आणि मी गेलो. पांढऱ्या माशीसाठी काय करता, हा बाबांचा पहिला प्रश्न. तिथली मुलगी म्हणाली, किडींवर किडीच सोडतो, आणि तिने मित्रकीटकांची कुपी त्यांच्या हातात दिली. मग आंतरपीक, मग पाण्यातली क्षारता, मग रताळ्याचं वजन. मी भाषांतर करत होते आणि बाकीची माणसं आपणहून थांबून ऐकत होती. दौरा ठरल्यापेक्षा बराच लांबला. आई काकडीच्या वेलाखाली एका कट्ट्यावर बसली होती.